कुवेत १९९१ आणि इराक २००३: बाजू ठरवण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून बघा

माझी भाची सांगलीला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. पुढच्या महिन्यात तिची वादविवाद स्पर्धा आहे आणि विषय असा आलाय: ‘परराष्ट्र धोरणासाठी बलाढ्य राष्ट्राने लष्करी बळ वापरणे समर्थनीय आहे.’ बाजूने बोलणार की विरोधात, ते नाव नोंदवतानाच कळवायचं. बोलायला सहा मिनिटं, पाचव्या मिनिटाला पहिली घंटा, नंतर खंडनाला दोन मिनिटं. तिनं फोन केला, “मामा, कुठली बाजू घेऊ?”

फोनवर चटकन सांगून टाकावं असा हा प्रश्न नव्हता. म्हणून हे सविस्तर लिहिलंय. स्पर्धा परीक्षेचा निबंध लिहिणाऱ्या इतर मुलामुलींनाही याचा उपयोग होईल.

उदाहरणं डझनभर मिळतात. व्हिएतनाम आहे, कोसोवो आहे, लिबिया आहे, २००१ ते २०२१ असं वीस वर्षं चाललेलं अफगाणिस्तान आहे. सगळी घेतलीस तर सहा मिनिटांत नुसती यादी वाचून होईल. त्यापेक्षा दोनच घे, कुवेतसाठी झालेली १९९१ ची लढाई आणि २००३ चं इराक. दोन्हीकडे बलाढ्य राष्ट्र तेच, अमेरिका; समोर इराकचा हुकूमशहा सद्दाम हुसेन तोच, वाळवंट तेच. पहिल्या वेळी अध्यक्ष थोरले बुश, दुसऱ्या वेळी त्यांचा मुलगा. कॉलिन पॉवेल १९९१ मध्ये सेनादलांचे प्रमुख होते, २००३ मध्ये परराष्ट्रमंत्री. डिक चेनी आधी संरक्षणमंत्री, मग उपाध्यक्ष. माणसंसुद्धा तीच असताना दोन लढाया इतक्या वेगळ्या का झाल्या, हे नीट उलगडलं की तुझी बाजू तुलाच सापडेल.

आपला इथं काय संबंध

परीक्षक हे विचारतील, म्हणून आधी हेच सांगतो. साताऱ्याजवळच्या आपल्या गावच्या घरात, देवघराच्या फडताळात चांदीचं एक पदक आहे. तू लहानपणी ते हातात घेऊन खेळली आहेस. एका बाजूला पाचव्या जॉर्जचं तोंड. दुसऱ्या बाजूला घोड्यावर बसलेला उघडा पुरुष, घोड्याच्या टापेखाली कवटी आणि हाडं, शेजारी १९१४ आणि १९१८ हे आकडे. कडेवर बारीक इंग्रजी अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण. माझ्या पणजोबांच्या थोरल्या भावाचं ते पदक. पदक घरी आलं, माणूस आला नाही. आजी एवढंच सांगायची, “थोरलं आबा बसऱ्याला गेलं.”

बसरा म्हणजे इराकमधलं बंदर, आणि ती फक्त सुरुवात होती हे मला पुढं वाचताना कळलं. इंग्रजांच्या पुणे डिव्हिजनमधून १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी टायग्रिस नदीच्या काठाकाठानं वर चढत गेल्या. तुर्की फौजेनं त्यांना बगदादच्या अलीकडून मागं रेटलं आणि त्या कूट या गावी वेढ्यात सापडल्या. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळपास पाच महिने. धान्य संपलं तेव्हा घोडे कापले गेले, आणि आपल्या पोरांपैकी कितीतरी जणांनी धर्मापायी त्या मांसाला हात लावला नाही. शेवटी सुमारे तेरा हजार माणसं शरण गेली. त्यातली हजारो वाळवंटातून चालता चालता किंवा कैदेत मेली. त्यांतला एक आपल्या घरचा.

वर्षभरानं, मार्च १९१७ मध्ये, इंग्रज जनरल मॉडची फौज बगदादमध्ये शिरली आणि जाहीरनामा निघाला: आम्ही जिंकायला आलो नाही, मुक्त करायला आलोय. १९२० साली इराकी लोक त्याच राजवटीवर उठले, आणि ते बंड मोडायलाही हिंदी पलटणीच वापरल्या गेल्या.

सातारकरांना असला जाहीरनामा नवा नाही. फेब्रुवारी १८१८ मध्ये सातारचा किल्ला घेतल्यावर एल्फिन्स्टननं असाच एक काढला होता: छत्रपती हे पेशवे बाजीरावाच्या कैदेत आहेत, त्यांना सोडवून राज्यावर बसवू. बसवलंही. १८३९ मध्ये त्याच प्रतापसिंह महाराजांना गादीवरून काढून काशीला पाठवलं. महाराजांचे वकील रंगो बापूजी लंडनमध्ये वर्षानुवर्षं दाद मागत राहिले. आणि १८४८ मध्ये डलहौसीनं दत्तक नामंजूर करून सातारा खालसा केलं. सोडवायला आलेली फौज परत कधी जाणार, हा प्रश्न आपल्या जिल्ह्यानं अंगावर भोगलेला आहे. म्हणून मी या दोन लढायांकडे दूरच्या बातम्या म्हणून बघू शकत नाही.

कारण

१९९१ चं कारण साधं आणि उघड होतं. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकनं कुवेत गिळलं. एका देशानं दुसरा देश नकाशावरून पुसला. कोणाला पुरावे शोधत बसायची गरज नव्हती. आपलेच सुमारे १ लाख ७० हजार लोक तिथं अडकले होते आणि एअर इंडियानं जॉर्डनमधल्या अम्मानहून शेकडो फेऱ्या करून त्यांना आणलं.

२००३ चं कारण होतं एक भीती. सद्दामकडे महासंहारक अस्त्रं आहेत आणि तो ती उद्या वापरेल, असं सांगितलं गेलं. ५ फेब्रुवारी २००३ रोजी पॉवेल यांनी सुरक्षा परिषदेत फोटो आणि ध्वनिफिती मांडल्या. लढाई झाली, देश ताब्यात आला, अमेरिकेच्याच तपास पथकानं कोपरा न् कोपरा धुंडाळला, आणि २००४ मध्ये अहवाल दिला की तसले साठे नाहीत. पॉवेल यांनी पुढं ते भाषण आपल्या कारकिर्दीवरचा डाग असल्याचं कबूल केलं.

पण इथं घाई करू नकोस. १९९१ ची बाजूही धुतल्या तांदळासारखी नव्हती. ऑक्टोबर १९९० मध्ये वॉशिंग्टनमध्ये एका पंधरा वर्षांच्या मुलीनं रडत सांगितलं की इराकी सैनिकांनी कुवेतच्या दवाखान्यात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना काचपेटीतून काढून जमिनीवर टाकलं. साऱ्या अमेरिकेत ते दाखवलं गेलं. नंतर उघड झालं की ती कुवेतच्या राजदूताची मुलगी होती, आणि त्या गोष्टीला आधार सापडला नाही. तू १९९१ च्या बाजूनं बोललीस तर समोरचा हे काढणार. तेव्हा सांग की कुवेतवरचा हल्ला खरा होता, त्याला खोट्याची गरज नव्हती, तरीही खोटं वापरलं गेलं. लपवू नकोस.

परवानगी

कागदावर इथं फरक स्पष्ट आहे. २९ नोव्हेंबर १९९० चा सुरक्षा परिषदेचा ६७८ क्रमांकाचा ठराव बारा विरुद्ध दोन मतांनी झाला. क्यूबा आणि येमेन विरोधात, चीन तटस्थ. इराकला १५ जानेवारीपर्यंत मुदत दिली, त्यानंतर ‘आवश्यक ते सर्व मार्ग’ वापरायची मुभा. फौजांत इजिप्त होता, सौदी होता, अमेरिकेशी कधी न पटलेला सीरियासुद्धा होता. खर्चाचा मोठा वाटा सौदी, कुवेत, जपान आणि जर्मनीनं उचलला.

२००३ मध्ये नोव्हेंबर २००२ चा १४४१ क्रमांकाचा ठराव हातात होता, पण त्यात चढाईची उघड मुभा नव्हती. ती मिळवायला दुसरा ठराव आणायचा प्रयत्न झाला. तो मंजूर होत नाही असं दिसताच सोडून दिला आणि २० मार्चला फौजा निघाल्या.

वाचताना मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट मात्र अमेरिकेच्या स्वतःच्या संसदेतली आहे. १९९१ मध्ये कारण पक्कं होतं, तरी सिनेटमध्ये ५२ विरुद्ध ४७ अशी घासून मंजुरी मिळाली, अनेकांनी जीव तोडून विरोध केला. ऑक्टोबर २००२ मध्ये कारण कच्चं होतं आणि मंजुरी मिळाली ७७ विरुद्ध २३. जिथं शंका घ्यायला हवी होती तिथं लोक गप्प बसले. मधल्या काळात ११ सप्टेंबर २००१ चा हल्ला झाला होता, आणि घाबरलेल्या देशात हात वर करून ‘नाही’ म्हणणं अवघड जातं. लष्करी बळावर लगाम ठेवायला लोकशाही पुरेशी आहे असं कोणी म्हणालं, तर हे दोन आकडे शेजारी ठेव.

थांबायची रेघ

माझ्या मते सगळ्या विषयाचं मूळ इथं आहे. सहापैकी दोन मिनिटं यालाच दे.

१९९१ मध्ये फौजांना काम दिलं होतं एवढंच: इराकला कुवेतबाहेर काढा. विमानहल्ले १७ जानेवारीला सुरू झाले, जमिनीवरची लढाई २४ फेब्रुवारीला, आणि शंभर तासांत, २८ फेब्रुवारीला, युद्ध थांबवलं. पुढं बगदाद होतं, वाट मोकळी होती, तरी थांबले. का, ते चेनी यांनी १९९४ मध्ये एका मुलाखतीत सांगितलं: बगदादला गेलो असतो तर एकटे पडलो असतो, सरकार उलथल्यावर त्या जागी काय बसवायचं हा प्रश्न होता, ती दलदल होती. व्हिएतनाममध्ये पोळलेल्या पिढीचे हे सेनापती होते. लढाईत कामी आलेले अमेरिकन सैनिक दीडशेच्या आत.

२००३ मध्ये अशी रेघ नव्हती. राजवट पाडा, अस्त्रं शोधा, लोकशाही आणा, सगळा प्रदेश बदला. यातलं कुठलं काम झालं की घरी यायचं, हे कोणालाच सांगता येत नव्हतं. बगदाद ९ एप्रिलला पडलं. १ मे रोजी धाकट्या बुश यांनी विमानवाहू जहाजावरून मुख्य लढाई संपल्याचं जाहीर केलं. फौजा निघाल्या डिसेंबर २०११ मध्ये. तोवर सुमारे साडेचार हजार अमेरिकन सैनिक गेले, आणि इराकी नागरिकांच्या केवळ नोंदवलेल्या मृत्यूंचाच आकडा लाखाच्या वर गेला.

आता त्या रेघेची किंमत. हे मी मुद्दाम लांबवून सांगतो, कारण १९९१ चं कौतुक करणारे इथं पान उलटतात. १५ फेब्रुवारी १९९१ रोजी थोरल्या बुश यांनी इराकी लोकांना आवाहन केलं की सद्दामला तुम्हीच दूर करा. लोकांनी ते ऐकलं. मार्चच्या सुरुवातीला बसऱ्यात उठाव झाला, तो दक्षिणेत आणि उत्तरेच्या कुर्द भागात पसरला. त्याच दिवसांत, ३ मार्चला, सफवान या ठिकाणी युद्धबंदीची बोलणी झाली. इराकी सेनापती म्हणाले, पूल उडालेत, ये-जा करायला आम्हाला हेलिकॉप्टर वापरू द्या. अमेरिकन सेनापती जनरल श्वार्झकॉफ यांनी होकार दिला. त्याच हेलिकॉप्टरमधून उठाव करणाऱ्यांवर मारा झाला. अमेरिकन फौजा जवळच होत्या, पण त्यांना आदेश नव्हता. हजारो माणसं मेली, लाखो कुर्द बर्फातून डोंगर चढून पळाले.

म्हणजे रेघेच्या आत थांबलेल्या फौजेनंही, रेघेपलीकडच्या माणसांना उठवून मग वाऱ्यावर सोडलं. तू बाजूनं बोलणार असशील तर मार्च १९९१ च्या बसऱ्याचं उत्तर तुझ्याकडे हवं. मला विचारशील तर ते असं आहे: चूक थांबण्यात नव्हती, मदत करायची नसताना आवाहन करण्यात होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी

एप्रिल २००३ मध्ये बगदादचं राष्ट्रीय संग्रहालय लुटलं गेलं. हजारो वर्षांच्या वस्तू लोक उचलून नेत होते आणि तेल मंत्रालयाभोवती मात्र रणगाडे उभे होते. पण याहून मोठी चूक एका सहीची. अमेरिकेचे प्रशासक पॉल ब्रेमर यांनी २३ मे २००३ रोजी हुकूम काढून इराकचं सगळं सैन्यच बरखास्त केलं. त्याच्या आठवडाभर आधी सद्दामच्या बाथ पक्षाच्या लोकांना सरकारी नोकऱ्यांतून काढायचा हुकूम निघाला होता.

आपल्याकडं पहिल्या आठवड्यात बँकेत पेन्शनरांची रांग लागते, ती तू बघितली आहेस. पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून सुभेदारापासून शिपायाच्या विधवेपर्यंत सगळे भल्या सकाळी पायरीवर बसलेले असतात. त्या पैशावर नातवाची फी जाते, औषधं येतात, सोसायटीचा हप्ता भरला जातो. एका सकाळी त्या सगळ्या रांगेला कोणी सांगितलं की तुमचं सैन्यच आता नाही, तर? इराकमध्ये लाखो घरांत हेच झालं, आणि त्या घरांत बंदुका होत्या. पुढच्या बंडखोरीत यातलेच कितीतरी जण सामील झाले. सैनिकी जिल्ह्यातल्या कुठल्याही आजीला हे आधी विचारलं असतं तरी तिनं सांगितलं असतं.

१९९१ मध्ये दुसरा दिवस कुवेतचा होता. तिथलं सरकार परत आलं, जळत्या तेलविहिरी विझवायला महिने गेले, पण देश चालवायला त्यांची माणसं होती. इराकच्या वाट्याला मात्र आर्थिक निर्बंध आले, आणि ते थेट २००३ पर्यंत टिकले. औषधांविना तडफडलेल्या पोरांचा हिशेब कुठल्या लढाईत धरायचा? मी तो १९९१ मध्येच धरतो.

आपल्या देशानं काय केलं

१९९१ च्या सुरुवातीला चंद्रशेखर सरकारनं अमेरिकेच्या लष्करी विमानांना मुंबई, आग्रा, मद्रासला इंधन भरू दिलं. देशात वादळ उठलं, ते बंद करावं लागलं. तेल महागलं, परकीय चलन आटलं, त्या वर्षी देशाला सोनं गहाण टाकावं लागलं. मी तेव्हा शाळेत होतो, रॉकेलच्या रांगेत डबा धरून उभा राहायचो. लांबच्या लढाईचं बिल आपल्या चुलीपर्यंत येतं.

एप्रिल २००३ मध्ये लोकसभेनं एकमतानं इराकवरच्या हल्ल्याची निंदा केली. त्यानंतर अमेरिकेनं भारताकडं एक अख्खी डिव्हिजन, सुमारे सतरा हजार सैनिक, मागितले. १४ जुलै २००३ रोजी वाजपेयी सरकारनं नकार दिला: संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असेल तरच विचार करू.

भारतालाही हे बळ वापरायचा अनुभव आहे, दोन ओळींत सांगतो. नोव्हेंबर १९८८ मध्ये मालदीवच्या सरकारनं हाक दिली, आग्र्याहून छत्रीधारी सैनिक त्याच रात्री पोचले, बंड मोडलं, बहुतेक फौज लवकरच परतली. त्याआधी वर्षभर, १९८७ मध्ये, शांतिसेना श्रीलंकेला गेली. तिथलं सरकार आणि तमिळ बंडखोर यांच्यात शांतता राखायला गेलेली ती फौज बंडखोरांशीच लढत बसली, आणि मार्च १९९० मध्ये परतली तोवर आपले सुमारे बाराशे जवान गेले होते. तिथंही फरक रेघेचाच.

मग कुठली बाजू

बाजूनं बोलायचं ठरवलंस तर भाषण कुवेतवर उभं कर. हल्ला झालेला देश, मुदत दिलेला ठराव, शेजाऱ्यांची साथ, ठरलेलं काम आणि काम होताच माघार. २००३ वर पांघरूण घालू नकोस, ते चूक होतं असं स्वतःहून म्हण. नाहीतर खंडनात दोन्ही मिनिटं त्यातच जातील. ही बाजू मांडायला सोपी आहे, गुणही मिळतील.

मी तुझ्या जागी असतो तर विरोधात बोललो असतो. विषयाचं वाक्य पुन्हा वाच. त्यात ‘परराष्ट्र धोरणासाठी’ असं आहे. हल्ला परतवणं हे धोरण राबवणं नव्हे. कुवेत सोडवणं समर्थनीय होतं, कारण ते दुसऱ्याच्या घरात घुसलेल्याला बाहेर काढणं होतं. विषय मात्र बलाढ्य राष्ट्राला त्याहून फार मोठी मुभा देतो, आपल्याला हवं तसं दुसऱ्याचं घर लावायची, आणि २००३ मध्ये ती मुभा वापरून बघितली गेली. म्हणून कुवेत सुरुवातीलाच मान्य करून टाक. समोरच्याचं सगळ्यात धारदार हत्यार पहिल्याच मिनिटात त्याच्या हातातून जाईल.

एक प्रश्न नक्की येईल: सद्दामसारखा क्रूर माणूस तसाच राहू द्यायचा होता का? हा प्रश्न खरा आहे, झटकू नकोस. १९८८ मध्ये इराकच्या कुर्द भागातल्या हलब्जात त्यानं विषारी वायूनं हजारो कुर्द मारले. तेव्हा इराणविरुद्ध उपयोगाचा म्हणून अमेरिका त्याच्या पाठीशी होती, हे सांग. आणि दुसऱ्यानं येऊन पाडलेल्या राजवटीच्या जागी काय उभं राहतं ते २००३ नंतरच्या वर्षांत दिसलं, हेही सांग.

‘याचा आपल्याशी काय संबंध’ असं परीक्षकांनी विचारलं तर कूट सांग, त्या पलटणींचे नंबर सांग, मग १४ जुलै २००३ चा नकार सांग. पदक हवं असेल तर रविवारी येऊन घेऊन जा, मी काढून ठेवतो. पण ते दाखवणार असशील तर पाचव्या मिनिटाच्या घंटेआधी दाखव. कडेवरची अक्षरं वाचायला वेळ लागतो.